इंजिन बदललेल्या गाडीचा फ्यूज बॉक्स

खानदेशात जुनी पेट्रोल जीप भंगारात न काढता तिला डिझेल इंजिन बसवून वापरणारे लोक आहेत. अशा कामात इंजिनाचे माउंटिंग, गिअरबॉक्स यांकडे बारकाईने लक्ष दिले जाते. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्यासाठी आरटीओची परवानगी लागते, हेही बहुतेकांना ठाऊक असते. वायरिंग मात्र जुन्यालाच जोड देऊन भागवले जाते आणि पुढे गाडी पेटण्याचा धोका तिथेच निर्माण होतो.

फ्यूज दिव्याचे किंवा हॉर्नचे रक्षण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तो वायरचे रक्षण करतो. वायरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आणि आवरण वितळण्याआधी फ्यूजची पट्टी वितळावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. म्हणून आधी भार मोजावा, भारानुसार वायरची जाडी ठरवावी आणि त्या वायरला सोसेल असा फ्यूज शेवटी निवडावा. १० ॲम्पिअरचा लाल फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे ३०चा हिरवा लावला, तर त्यानंतर वितळण्याची पाळी वायरवर येते.

पेट्रोल इंजिन उतरले की ठिणगी पाडणाऱ्या कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरच्या वायरी निकामी होतात. बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनमोऐवजी अल्टरनेटर आला आणि व्होल्टेज आवरणारा त्याचा रेग्युलेटर आतच असला, तर बॅटरीचा प्रवाह उलटा डायनमोत जाऊ न देणारा बाहेरचा कटआउटही नको. या वायरी टेप गुंडाळून तशाच लोंबकळत ठेवू नयेत; मल्टिमीटरने दोन्ही टोके ओळखून त्या मुळापासून काढाव्यात. डॅशबोर्डवरील चार्जिंगच्या दिव्याची वायर मात्र तोडू नये, कारण अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो.

नव्याने येतात ते डिझेल बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) आणि थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे हीटर प्लग. चार हीटर प्लग मिळून ४० ॲम्पिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढू शकतात. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा पहाटे ते लागतातच. एवढा प्रवाह जुन्या चावीच्या स्विचमधून कधीही नेऊ नये. त्यासाठी तेवढ्या क्षमतेचा रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवावा; मग चावीतून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, साधारण पाव ॲम्पिअरहून कमी प्रवाह जातो आणि मोठा प्रवाह बॅटरीजवळच्या स्वतंत्र फ्यूजमधून थेट प्लगकडे जातो.

हेडलाइटचा हिशेब तर करून पाहण्यासारखा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ ॲम्पिअर घेतात. एक चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तांब्याच्या वायरीत त्यामुळे सुमारे ०.६ व्होल्ट वाया जातात, म्हणजे पाच टक्के. पण हॅलोजनचा उजेड तेवढ्याने सुमारे एक षष्ठांश घटतो. त्यातच मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर असताना बॉनेटखालचे तापमान ७० अंशांवर गेले, तर तांब्याचा रोध २० अंशांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला असतो. फ्यूजही उष्णतेत लवकर उडतो. त्यामुळे सतत चालणारा भार त्याच्या क्षमतेच्या तीन चतुर्थांशाच्या आत ठेवावा. डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज द्यावा, म्हणजे रात्री महामार्गावर दोन्ही दिवे एकदम जाणार नाहीत.

नवा बॉक्स मांडताना कायम चालू राहणारे आणि चावीनंतर चालू होणारे असे दोनच गट केले, तर जुन्या गाडीला बहुधा आठ-दहा फ्यूज पुरतात. बॉक्स सायलेन्सरपासून दूर ठेवावा आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची (निगेटिव्ह) वायर काढावी.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती इंजिन आणि चेसिस (गाडीचा सांगाडा) यांना जोडणारी, प्रवाह परत नेणारी अर्थपट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. पट्टी विसरली, तर सेल्फचा शंभराहून अधिक ॲम्पिअरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल तापून जळते. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर पट्टीचे दोन्ही नट उघडून खालचा रंग आणि गंज खरवडावा लागेल.