सूक्ष्मजीवांतून हृदयोत्तेजक द्रव्यांचा शोध : पार्श्वभूमी

प्रतिजैविक शोधणे तुलनेने सोपे. आगरच्या थाळीत खड्डे पाडून अर्क भरायचे आणि दुसऱ्या दिवशी जंतू न वाढलेली वर्तुळे मोजायची. हृदयाचा जोर वाढवणाऱ्या द्रव्यासाठी अशी थाळी नाही, जिवंत स्नायूच लागतो. त्यामुळे १९४० नंतर मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूंमधून प्रतिजैविकांची रीघ लागली, तरी हृदयाच्या बाबतीत विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये वर्णिलेल्या डिजिटॅलिस या वनस्पतिज औषधाचाच आधार राहिला.

चाचणीसाठी गिनीपिगचे डावे अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) घेतात. ते स्वतःहून धडधडत नाही. विजेच्या ठोक्यांनी गती कायम ठेवली, की बदल दिसतो तो फक्त जोराचा. क्रेब्स द्रावण (ऊतक जिवंत ठेवणारे क्षारांचे पाणी), त्यात ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, साधारण १ ग्रॅम ताण; आलेख तासभर स्थिर झाल्यावरच अर्क घालायचा. उंदीर इथे कुचकामी, कारण त्याच्या हृदयातला सोडियम पंप (पेशीतून सोडियम बाहेर काढणारे प्रथिन) डिजिटॅलिसवर्गीय द्रव्यांना फारशी दाद देत नाही.

खरी डोकेदुखी खोट्या होकारांची, म्हणजे नवे द्रव्य नसतानाही जोर वाढल्याचे दिसण्याची. किण्वनाच्या माध्यमातले (जंतू ज्यात वाढवतात त्या द्रवातले) कॅल्शियम जोर वाढवते. जिवाणू अमिनो आम्लांपासून हिस्टामाइन आणि टायरामाइन बनवतात, तीही वाढवतात. म्हणून जंतू न घातलेल्या माध्यमाचाही तसाच अर्क काढून तो आधी तपासावा. मग हिस्टामाइन रोखणारे मेपायरामिन देऊन परिणाम गेला तर हिस्टामाइनचा संशय, बीटा-रोधक प्रोप्रॅनोलॉलने गेला तर ॲड्रेनर्जिक (ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांच्या) मार्गाचा. एवढ्या चाळणीतून फार थोडे अर्क उरतात.

उरलेल्यांत पॉलिईथर आयनवाहक, म्हणजे सोडियम, कॅल्शियमसारखे आयन पेशीच्या पटलापार नेणारी द्रव्ये, महत्त्वाचे. रोश या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेने १९५१ मध्ये नोंदवलेले लॅसॅलोसिड कॅल्शियम पटलापार नेते. हृदयावरचा त्याचा परिणाम १९७० च्या दशकात अभ्यासला गेला. त्यातला काही भाग मज्जातंतूंतले नॉरॲड्रेनॅलिन बाहेर पडल्याने होतो, हे प्रोप्रॅनोलॉलनेच उघड होते. १९६७ चे मोनेन्सिन पेशीत सोडियम ढकलते आणि त्याच्या अदलाबदलीत कॅल्शियम साचते. जोर वाढतो तो त्यामुळे, आणि स्नायू मरतो तोही त्यामुळेच. कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगावर ते चालते. पण घोड्याच्या पोटात किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम गेले तरी हृदयाचा स्नायू नासून तो दगावू शकतो. त्यामुळे कोंबडीखाद्याचे यंत्र नीट न धुता त्यातच घोड्याचे खाद्य मिसळू नये.

टोकियोत हमाओ उमेझावा यांनी १९६० च्या दशकात किण्वनद्रवांत विकररोधक (एन्झाइमचे काम थांबवणारी द्रव्ये) शोधायला सुरुवात केल्यावर आणखी एक वाट मोकळी झाली : स्नायूऐवजी विकरावर चाचणी. सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू हृदयाचा जोर वाढवतो आणि फॉस्फोडायएस्टरेज हे विकर तो मोडते; ते विकर रोखणारे ग्रिसिओलिक आम्ल १९८५ मध्ये असेच हाती आले. मुंबईत मुलुंडच्या हेक्स्ट या औषधकंपनीच्या केंद्राने माईनमुळातून काढलेले फोर्स्कोलिनही पेशीतले सायक्लिक एएमपी वाढवते, मात्र ती वनस्पती. या मार्गावरचा विश्वास डळमळला १९९१ मध्ये. तोंडाने घ्यायच्या मिल्रिनोन या फॉस्फोडायएस्टरेज-रोधक औषधाच्या १,०८८ रुग्णांवरील चाचणीत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढलेले आढळले.