हिवाळी बंदचं गणित: सर्नमधल्या पाण्याची आणि हवेची देखभाल

जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेखाली, सर्न या कणभौतिकी संशोधन संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन त्यांची टक्कर घडवणाऱ्या त्वरकाचा, 27 किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातले 1232 द्विध्रुवी चुंबक उणे 271.3 अंश सेल्सियसला काम करतात, हे विज्ञानाची आवड असलेल्या बहुतेकांना माहीत असतं. ही थंडी टिकवायला किती उष्णता बाहेर टाकावी लागते, याची चर्चा मात्र कमी होते. हेलियम थंड करणारी 8 मोठी संयंत्रं तिथे आहेत. 4.5 केल्विनला (सुमारे उणे 268.7 अंश सेल्सियसला) प्रत्येकाची क्षमता 18 किलोवॅट. इतक्या खालच्या तापमानातून 1 वॅट उष्णता उपसायची, तर वर जमिनीवर सव्वादोनशे ते अडीचशे वॅट वीज लागते. सगळं धरून शीतनासाठी सुमारे 40 मेगावॅट. ही सारी वीज शेवटी उष्णताच होते आणि ती वाहून नेण्याचं काम करतं साधं पाणी.

1 मेगावॅट उष्णता नेताना पाण्याचं तापमान 10 अंशांनीच वाढू द्यायचं असेल, तर सेकंदाला साधारण 24 लिटर पाणी फिरवावं लागतं. गरम झालेलं हे पाणी कूलिंग टॉवरमध्ये वरून फवारलं जातं आणि खालून वर हवा खेचली जाते. थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेल्या पाण्याला थंड करून जातं. 1 किलो पाण्याची वाफ होताना सुमारे 2.4 मेगाजूल उष्णता जाते. म्हणजे दर मेगावॅटमागे ताशी दीड हजार लिटर पाणी हवेत जातं. 40 मेगावॅटचा सगळा भार बाष्पीभवनावर टाकला, तर ताशी सुमारे 60 हजार लिटर.

खरी भानगड इथून पुढे सुरू होते. पाणी उडतं, त्यातले क्षार उडत नाहीत. सर्नला पाणी मिळतं जिनिव्हाच्या सरोवरातून. ते स्वच्छ असलं तरी त्यात कॅल्शियम असतंच. टॉवरच्या हौदातले क्षार मूळ पाण्याच्या तिप्पट होऊ द्यायचे ठरवलं, तर जेवढं पाणी उडतं त्याच्या निम्मं मुद्दाम गटारात सोडावं लागतं. याला ब्लोडाउन म्हणतात. उडालेल्या आणि सोडलेल्या पाण्याइतकी नवी भर घालावी लागते. पाणी वाचवायला ब्लोडाउन कमी केला की हीट एक्स्चेंजरच्या (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या) पत्र्यांवर गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर बसतो. जास्त केला की पाणी आणि रसायनं दोन्ही वाया जातात. म्हणून ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह घड्याळावर न चालवता पाण्याच्या विद्युतवाहकतेवर चालवतात; क्षार वाढले की ती वाढते. आणि म्हणूनच वाहकता मोजणारा छोटासा सेन्सर हा देखभालीच्या यादीत वर असायला हवा. त्याच्यावर शेवाळाचा पातळ थर बसला की तो आकडा कमी दाखवतो, व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि काही आठवड्यांनी सगळे पत्रे पांढरे झालेले सापडतात.

टॉवरचा दुसरा धोका जिवाशी आहे. लेजिओनेला जिवाणू 25 ते 45 अंशांच्या पाण्यात फोफावतात आणि टॉवरचं पाणी नेमकं त्याच पट्ट्यात असतं. 1976 साली फिलाडेल्फियात एका संमेलनाला आलेली माणसं न्यूमोनियाने दगावली, त्याच्या तपासातून या जिवाणूची ओळख पटली. तो पसरतो बारीक तुषारांतून. टॉवरच्या माथ्याशी बसवलेल्या नागमोडी पट्ट्या हे तुषार अडवतात. त्यातली एक पट्टी सरकली असेल तर तेवढ्या फटीतून पाण्याचे थेंब थेट बाहेर जातात. त्यामुळे टॉवर धुताना त्या एकेक करून हाताने तपासाव्या लागतात. धुण्याचा क्रमही ठरलेला: आधी जंतुनाशक फिरवायचं, मग हौद रिकामा करायचा, गाळ काढायचा, मग उच्च दाबाची फवारणी. ही फवारणी स्वतःच तुषार उडवते, त्यामुळे ती करणाऱ्याच्या तोंडावर योग्य मास्क हवाच. तो न घालता हे काम करू देणं अक्षम्य आहे.

हे सगळं करायचं कधी? त्वरक चालू असताना थंड पाणी थांबवता येत नाही. पाणी काही मिनिटं जरी बंद पडलं तरी हेलियमचे कंप्रेसर स्वतःला वाचवायला थांबतात आणि चुंबकांची थंडी पूर्ववत व्हायला तास लागतात. त्यामुळे मोठी कामं बहुतेक हिवाळ्यातल्या वार्षिक बंदमध्ये होतात. बंद हिवाळ्यातच का, तर तेव्हा आसपासच्या शहरांत विजेची मागणी जास्त असते. युरोपातल्या ऊर्जाटंचाईमुळे 2022 साली सर्नने हा बंद दोन आठवडे आधी, 28 नोव्हेंबरला सुरू केला होता. त्याहून मोठी कामं, म्हणजे अख्खे टॉवर किंवा पाणी गार करणारी चिलर यंत्रं बदलणं, काही वर्षांनी येणाऱ्या दीर्घ बंदसाठी राखून ठेवतात. असा एक बंद 2013 ते 2015 मध्ये झाला, दुसरा 2018 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला.

वर्षातून एकदाच संधी मिळते म्हटल्यावर दिसेल ते उघडून दुरुस्त करण्याचा मोह होतो. आमच्या मते तो आवरला पाहिजे. नीट चालणारा पंप उघडून पुन्हा जोडला की सुरुवातीच्या काही दिवसांतच बिघडण्याची शक्यता वाढते: शाफ्टची सरळ रेषा किंचित हुकते, पाणी गळू न देणाऱ्या मेकॅनिकल सीलच्या चकचकीत पृष्ठाला बोट लागतं, बेअरिंगमध्ये ग्रीस जास्त भरलं जातं. शेवटची चूक सगळ्यात सामान्य. जास्त ग्रीस म्हणजे जास्त वंगण असं वाटतं, पण बेअरिंग ते सतत घुसळत राहतं आणि तापतं. काय उघडायचं हे तारखेवरून न ठरवता यंत्राच्या लक्षणांवरून ठरवणं म्हणूनच शहाणपणाचं.

लक्षणं वर्षभर टिपावी लागतात. 15 ते 75 किलोवॅटच्या पंपासाठी प्रचलित मार्गदर्शक मर्यादा अशा आहेत: बेअरिंगजवळ कंपनाचा वेग सेकंदाला 2.8 मिलिमीटरपर्यंत असेल तर पंप निर्धास्त चालू द्यावा, 7.1 च्या पुढे गेला तर थांबवावा. पण एकट्या आकड्यापेक्षा त्याचा कल जास्त बोलतो. सहा महिने 1.5 वर स्थिर असलेला पंप महिन्याभरात 2.4 वर गेला, तर मर्यादेच्या आत असूनही बंदच्या यादीत त्याचं नाव घालावं. प्लेट हीट एक्स्चेंजरचं निदान दोन आकड्यांवरून होतं. दाबातली घट वाढली असेल तर आत कचरा अडकला आहे. दाब तसाच, पण दोन्ही बाजूंच्या तापमानांतलं अंतर वाढत चाललं असेल, तर पत्र्यांवर क्षारांचा किंवा जिवाणूंचा पातळ थर आहे. पहिल्याला उलटा प्रवाह सोडून धुता येतं, दुसऱ्याला रासायनिक धुलाई लागते.

राखीव पंपांबद्दल एक गोष्ट सहज नजरेआड होते. जिथे दोन पंप पुरतात तिथे तिसरा राखीव ठेवतात. तो महिनोन्‌महिने उभा राहिला आणि शेजारच्या पंपांची कंपनं त्याच्यापर्यंत पोचत राहिली, तर बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी घासून खाचा पाडतात. गरजेच्या दिवशी सुरू केल्यावर तोच आधी ओरडायला लागतो. उपाय सोपा आहे: पंपांची पाळी ठरावीक काळाने बदलायची आणि त्याची नोंद ठेवायची.

सगळ्यात नाजूक काम आहे क्षारमुक्त पाण्याचं. सर्नच्याच 7 किलोमीटरच्या एसपीएस या जुन्या त्वरकाचे चुंबक अतिवाहक (विजेला रोध न करणारे) नाहीत. त्यांच्या तांब्याच्या जाड तारा पोकळ आहेत आणि पाणी त्या तारांच्या आतूनच वाहतं. म्हणजे पाणी थेट विजेच्या संपर्कात. त्याची वाहकता वाढली तर पाण्यातून प्रवाह गळतो आणि नळीच्या जोडांवरचा धातू झिजतो. पूर्ण शुद्ध पाण्याची वाहकता 25 अंशांना सेंटिमीटरला 0.055 मायक्रोसीमेन्स असते. प्रत्यक्षात अशी मंडलं 1 मायक्रोसीमेन्सच्या खाली ठेवतात. त्यासाठी फिरत्या पाण्याचा थोडा हिस्सा सतत क्षार पकडणाऱ्या रेझिनच्या टाकीतून काढतात.

एवढ्याने भागत नाही. शुद्ध पाणी तांबं हळूहळू खातं आणि ते किती खाणार हे विरघळलेल्या ऑक्सिजनवर ठरतं. ऑक्सिजन फार कमी, म्हणजे लिटरला 20 मायक्रोग्रॅमच्या आत असेल, तर झीज नगण्य. भरपूर, म्हणजे 2000 च्या वर असेल, तरी तांब्यावर घट्ट ऑक्साइडचा थर बसतो आणि संरक्षण मिळतं. वाईट असतो मधला पट्टा, विशेषतः 200 ते 300 चा. तिथे सुटलेलं ऑक्साइड पाण्याबरोबर पुढे जातं आणि अरुंद जागी साचतं. एकाच गुंडाळीतला प्रवाह कमी होतो, ती तापते, तिच्यावरचा तापमानाचा स्विच सुटतो आणि अख्खा त्वरक थांबतो. त्यामुळे दोनपैकी एक पद्धत निवडून तिच्यावर ठाम राहणं महत्त्वाचं. बंदमध्ये पाइप उघडला की हवा आत शिरते आणि पाणी नेमकं त्या मधल्या पट्ट्यात येतं. जोड उघडताना हात म्हणूनच आखडता ठेवायचा.

हवेचं काम वेगळ्या जातीचं. जमिनीवरच्या एअर हँडलिंग युनिटमध्ये हवा गाळून, तिचा ओलावा काढून ती बोगद्याकडे जाणाऱ्या उभ्या शाफ्टमधून खाली सोडतात. फिल्टर बदलायचा तो कॅलेंडर पाहून नव्हे, दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक पाहून. जाडीभरडी धूळ अडवणाऱ्या फिल्टरला 250 पास्कल ही रूढ अंतिम मर्यादा. फरक वाढला तर सगळ्यांचंच लक्ष जातं. तो अचानक कमी झाला तर जास्त काळजी करावी, कारण फिल्टर फाटलेला असतो किंवा चौकटीतून निसटलेला. पंख्याचे पट्टे बदलताना पूर्ण संच एकदम बदलायचा आणि एक-दोन दिवस चालवून पुन्हा ताण तपासायचा, कारण नवे पट्टे सुरुवातीलाच सैल पडतात.

बीम, म्हणजे कणांचा झोत, चालू असताना बोगद्यातली हवा काही प्रमाणात किरणोत्सारी होते. त्यातल्या ऑक्सिजन-15 चा अर्धायुकाल (निम्मे अणू उरायला लागणारा काळ) 2 मिनिटं, नायट्रोजन-13 चा 10, कार्बन-11 चा 20 मिनिटं आणि आर्गॉन-41 चा सुमारे 110 मिनिटं. बंद जाहीर झाला म्हणून तंत्रज्ञ लगेच खाली उतरत नाहीत, ते यामुळे. आधी थांबायचं, हवा बदलायची, मोजमाप घ्यायचं, मगच दार उघडायचं. पाण्यात तयार होणाऱ्या बेरिलियम-7 चा अर्धायुकाल 53 दिवस आहे आणि ते रेझिनमध्ये साचतं. त्या टाकीतलं रेझिन बदलणं हे नळकाम नाही, किरणसुरक्षेचं काम आहे.

दुसरी भीती हेलियमची. 19 सप्टेंबर 2008 ला दोन चुंबकांमधल्या सदोष विद्युतजोडावर ठिणगी पडली आणि सुमारे 6 टन हेलियम बाहेर आलं. द्रव हेलियमचा वायू झाला की आकारमान साडेसातशे पटींच्या आसपास वाढतं. तो छताशी गोळा होतो आणि ऑक्सिजन बाजूला सारतो. चुंबकांत मोठा प्रवाह असताना बोगद्यात प्रवेश बंद असतो. इतर वेळी खाली जाणाऱ्यांकडे ऑक्सिजन पुरवणारा मास्क असतो. पंख्यांच्या दुरुस्तीचं वेळापत्रक हेलियमच्या स्थितीशी जुळवावं लागतं: ज्या भागात माणसं आहेत, तिथली हवा थांबवायची नाही.

दुरुस्ती संपली की मधेच कोणी पंप सुरू करू नये म्हणून प्रत्येक पंपावर लावलेलं कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. मग पाइपच्या उंच टोकांवरची हवा सोडायची, गाळणी बसवून मंद प्रवाहाने पाणी फिरवायचं, गाळणी उघडून पाहायची. पहिल्या फेरीत वेल्डिंगची खपली आणि गॅस्केटचे तुकडे हमखास सापडतात. ती स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा फिरवायचं. टॉवरच्या पाण्यात जंतुनाशकाची मात्रा पुरी झाल्यावरच पंखे लावायचे. शेवटी प्रत्येक पंपाचं कंपन, दाब आणि मोटरचा प्रवाह नव्याने नोंदवायचा, कारण पुढचं वर्षभर तुलना याच आकड्यांशी होणार असते. एवढं झाल्यावर पाणी हेलियमच्या कंप्रेसरकडे सोपवलं जातं.