पाठमोरा गणपती संगणक कसा ओळखतो?

लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत आषाढात डोकावलं, तर कित्येक मूर्ती पाठमोऱ्याच दिसतात. तरी कडेवरचं पोरही "बाप्पा!" म्हणून ओरडतं. कान, मुकुट आणि आशीर्वादाच्या हाताची रेषा त्याला पुरते.

संगणकाला हे जड जातं. त्याच्याकडे मूर्तीचं थ्रीडी मॉडेल असतं ते हजारो त्रिकोणांचं जाळं म्हणून. एकाच घडणीच्या दोन मूर्तींचे त्रिकोणही एकमेकांशी जुळत नाहीत. मग हजारो मॉडेलांतून सारखी शोधायची कशी?

तैवानच्या संशोधकांनी २००३ मध्ये थ्रीडी आकाराचा नाद सोडला आणि सावल्या धरल्या. मॉडेलभोवती १२ पंचकोनी बाजूंचा घनाकार कल्पून त्याच्या २० कोपऱ्यांवरून काळ्या आकृती टिपायच्या. सगळीकडून एकमेकांसारखी दिसणारी मॉडेलं सारखी मानायची. कोपरे २०, पण उपयोगी आकृती १०च. समोरून डावीकडे दिसणारा आशीर्वादाचा हात मागून उजवीकडे दिसतो, बाकी बाह्यरेषा तीच राहते. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांपैकी एक पुरतो.

पण सोंड पोटावर रुळते, बाह्यरेषेत येत नाही. गणपती डाव्या सोंडेचा की उजव्या, हे सावली सांगणार नाही. आपल्याकडे तर मूर्ती ठरवताना पहिला प्रश्न तोच!

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या गटाने उजेड-सावलीसकट चित्रं घेतली. दर ३० अंशांवर एक असे १२ कॅमेरे, थोडे वरून पाहणारे. मला यातली सर्वांत सुंदर वाटते ती पुढची पायरी. न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी प्रणाली, प्रत्येक चित्रात सोंडेसारख्या खुणा शोधते; प्रत्येक खुणेसाठी बारा चित्रांपैकी सर्वांत ठळक प्रतिसाद तेवढा ठेवायचा. सरासरी काढली असती, तर समोरून स्पष्ट दिसलेली सोंड पाठमोऱ्या चित्रांनी फिकी केली असती.

४० प्रकारच्या वस्तूंच्या चाचणीत ही पद्धत जवळपास ९० टक्के अचूक ठरली, तर थ्रीडी आकारावरच चालणारी आधीची पद्धत ७७ टक्के. कारण साधं आहे. थ्रीडी आकाराचे ३० × ३० × ३० ठोकळे केले, तर तेवढ्याच आकड्यांत १६४ × १६४ ठिपक्यांचं चित्र मावतं, आणि त्यात बारकावे कितीतरी जास्त. शिवाय चित्रं वाचणारं हे नेटवर्क आधीच लाखो साध्या फोटोंवर शिकलेलं होतं.

मात्र १२ कॅमेऱ्यांची ही मांडणी मूर्ती पाटावर सरळ बसली आहे असं धरून चालते. ती आडवी असली तर? त्यासाठी याच गटाने २० जागांवरून, दर जागी कॅमेरा चार वेळा फिरवून, ८० चित्रं घेतली.