वेन्झलीडेल : खोऱ्याच्या नावाचा मागोवा

वेन्झलीडेल : इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्कशर डेल्स या डोंगराळ मुलखातले यूर नदीचे खोरे. यूर पेनाइन डोंगररांगेत उगम पावते, हॉझ, बेनब्रिज, एझगार्थ या गावांजवळून पूर्वेकडे वाहते आणि सखल प्रदेशात उतरल्यावर पुढे ऊझ हे नाव घेते. ‘डेल’ म्हणजे दरी किंवा खोरे. या मुलखात खोऱ्याला नदीचे नाव देण्याची चाल आहे : स्वेल नदीचे ते स्वेलडेल, व्हार्फचे व्हार्फडेल, निडचे निडरडेल. त्या हिशेबाने यूरच्या खोऱ्याचे नाव यूरडेल किंवा योरडेल असायला हवे होते, आणि एके काळी ते तसे होतेही. आज ते वेन्झली या लहानशा गावाच्या नावाने ओळखले जाते. नदीचे नाव मागे पडून गावाचे कसे चिकटले, हे मठांची कागदपत्रे, सनदा, प्रवासवर्णने आणि नकाशे यांतून बरेचसे उलगडता येते.

सुरुवात नदीपासून करावी लागते, कारण तिचे नाव सर्वांत जुने आहे. रोमन काळात या नदीच्या खालच्या अंगाला, आजच्या ऑल्डबरो गावी, ब्रिगँटीज जमातीचे नगर होते. त्याचे नाव इसुरियम. त्यावरून नदीचे मूळ ब्रिटॉनिक, म्हणजे इंग्रजीपूर्वीच्या तिथल्या केल्टिक भाषेतले, नाव ‘इसुरा’ असावे असे भाषाभ्यासक मानतात. युरोपातील इसेर, इझार या नद्यांची नावे याच घराण्यातली समजली जातात आणि अर्थ निघतो ‘वेगवान’ किंवा ‘जोरकस’. या मुळाचे नाते ऋग्वेदातल्या ‘इषिर’ या शब्दाशी जोडले जाते. तिथेही अर्थ जोमदार, चपळ असाच आहे. दोन स्वरांमधला ‘स’ झिजला की इसुराचे यूर किंवा योर व्हायला फार काही लागत नाही. सुमारे १०२५ च्या एका दस्तऐवजात मात्र नदीचे नाव ‘एअर्प’ असे येते. शेवटचा ‘प’ ही बहुधा नकलनवीसाची चूक असावी. ११४० च्या सुमारास ‘योर’च्या जवळ जाणारे ‘जोर’ हे रूप दिसते, आणि तिथून पुढची वाट सोपी आहे.

गावाचे नाव वेगळ्या कुळातले. १०८६ च्या डोम्सडे बुक या महसुली पाहणीत ते ‘वेंड्रेस्लागा’ असे लिहिले आहे. पाहणी करणारे कारकून नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या नव्या राज्यकर्त्यांचे, सांगणारे इंग्रज. त्यामुळे त्या ग्रंथातली अक्षरे शब्दशः न धरता कानाने ऐकावी हे बरे. जुन्या इंग्रजीत ‘लेआ’ म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा, आणि वेंडल हे माणसाचे नाव. वेंडलने मोकळी केलेली जागा ती वेन्झली. हा वेंडल कोण होता, याचा त्याच्या नावापलीकडे काही मागमूस नाही.

बाराव्या शतकात दोन्ही नावे शेजारी नांदत होती. ११४५ मध्ये एझगार्थजवळ फोर्स येथे एक मठ स्थापन झाला. जागा थंड आणि नापीक निघाली, म्हणून ११५६ मध्ये तो नदीकाठाने खाली आला. मठवासी सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे, भाषा लॅटिन आणि नॉर्मन फ्रेंच. त्यांनी मठाला खोऱ्याचेच नाव दिले : योरची ‘व्हाल’, म्हणजे दरी. त्याचे पुढे जोरव्हाल आणि अखेर जर्व्हो झाले. हे नाव म्हणजे योरडेलचेच फ्रेंच भाषांतर होय. आजूबाजूच्या लोकांनी त्याचा उच्चार पूर्वी ‘जार्व्हिस’ असा केला, इतका की त्यातली नदी ओळखूच येऊ नये. खोऱ्याचे जुने नाव दगडात राहिले, पण परक्या भाषेच्या वेषात.

त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास ‘वान्डेस्लीडेल’ हे रूपही नोंदीत आढळते. यामागचे कारण बाजारपेठ असावी. वेन्झलीला १२०२ मध्ये बाजाराची सनद मिळाली आणि पुढे बराच काळ खोऱ्यातला महत्त्वाचा बाजार तिथेच भरत असे. लोकर, गुरे, धान्य घेऊन माणसे जिथे जातात, त्या ठिकाणाच्या नावाने परिसर ओळखला जाऊ लागतो. मात्र सनदेआधीची नोंद पाहता गावाचे वजन बाजाराच्याही आधीपासूनचे होते, असे म्हणणे भाग आहे.

हे नाव वेन्झलीच्या आसपासपुरतेच राहिले नाही, याचा पुरावा वरच्या खोऱ्यात मिळतो. तिथे ‘वेन्झलीडेलचे वन’ नावाचे राखीव शिकारीचे रान होते. १२२७ च्या एका दाव्यात असे सांगितले गेले की बेनब्रिज हे गाव या वनाच्या राखणीसाठी दिले होते. तिथे बारा वनरक्षक राहत आणि प्रत्येकाला एक घर व नऊ एकर जमीन असे. बेनब्रिज वेन्झलीहून नदीच्या वरच्या अंगाला पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. म्हणजे तेराव्या शतकात गावाचे नाव खोऱ्याच्या वरच्या टोकाकडे पोचले होते. मठवाल्यांच्या लेखी खोरे नदीचे. जमीन, शिकार आणि महसूल यांच्या कागदांत मात्र ते गावाचे. नावाचा निकाल दुसऱ्या कागदांनी लावला असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

सोळाव्या शतकात जॉन लेलँड हा पुराभ्यासक या भागातून फिरला तेव्हा त्याने ‘यूरडेल’ असे लिहिले : तिथे धान्य थोडे, जव नि ओट एवढेच, पण सामाईक माळांवर गवत उदंड. त्याच्यामागून आलेल्या विल्यम कॅम्डनने ‘ब्रिटानिया’ (१५८६) या ग्रंथात खोऱ्याला वेन्झलीवरून पडलेले, पण मधला ‘ली’ गळालेले आखूड नाव वापरले. नदीत खेकड्यासारखे झिंगे आहेत आणि ते दक्षिणेतून आणून सोडलेले आहेत, अशी माहितीही तो जाता जाता देतो. कॅम्डन सहसा नेटका, पण याच खोऱ्यात त्याच्या हातून एक मजेशीर नाव जन्माला आले. बेनब्रिजच्या रोमन किल्ल्याजवळ सापडलेल्या, रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हरसच्या काळातल्या एका शिलालेखात ‘ब्राकियम’ हा शब्द होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तटबंदीला जोडलेला बाहेरचा बांध. कॅम्डनने ते किल्ल्याचे नाव समजले. जुन्या नावांचा शोध घेणाऱ्याने ही गोष्ट मनात ठेवावी : पुढच्या लेखकांनी मागच्यांचे उतरवून घेतले म्हणून दहा ठिकाणी सापडलेले नाव दहा पुरावे ठरत नाही.

नकाशांच्या बाबतीत हीच अडचण जास्त जाणवते. क्रिस्टोफर सॅक्स्टनने १५७७ मध्ये यॉर्कशरचा नकाशा काढला. त्यानंतरच्या अनेकांनी, जॉन स्पीडसह, त्याच्या कामावर भिस्त ठेवली. टॉमस जेफरीजचा १७७१-७२ चा, मैलाला एक इंच प्रमाणाचा नकाशा मात्र नव्या मोजणीवर उभा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याने मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे छापले, तेव्हा नावांचे लेखन एकसारखे होऊ लागले.

तोवर खुद्द वेन्झली गाव मात्र मागे पडले होते. १५६३ मध्ये तिथे प्लेगने थैमान घातले. चर्चच्या नोंदवहीत त्या वर्षीच्या नोंदी नाहीत. साथ भयंकर होती, पुष्कळ लोक पळून गेले आणि गावात बराच काळ कोणी फिरकत नव्हते, असा खुलासा तिथे नंतर लिहिला आहे. पुढे बाजार इतरत्र गेले : १५८७ मध्ये ॲस्क्रिगला सनद मिळाली, १६८४ मध्ये लेबर्नला. आज वेन्झलीत हिरवळीभोवतीची घरे, नदीवरचा पूल आणि तेराव्या शतकातले चर्च आहे. गाव लहान झाले, नाव वाढत गेले.

एकोणिसाव्या शतकात ते खोऱ्याबाहेर पडले. १८५६ मध्ये जेम्स पार्क या न्यायाधीशाला ‘वेन्झलीडेल’ ही हयातीपुरती उमरावकी देण्यात आली. अशा उमरावाला लॉर्ड सभेत, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, बसता येणार नाही असा सभेने निर्णय दिला आणि ते प्रकरण घटनात्मक कायद्याच्या पुस्तकांत गेले. लांब, कुरळ्या लोकरीच्या वेन्झलीडेल मेंढीचा मूळ नर ‘ब्लूकॅप’ हा १८३९ मध्ये बेडेलजवळच्या ईस्ट ॲपल्टन येथे, म्हणजे खोऱ्याच्या बाहेरच, जन्मला होता. वेन्झलीडेल चीजचे तसे नाही. ते खोऱ्यातलेच, त्याची परंपरा मठवासीयांपर्यंत नेली जाते आणि हॉझ येथे १८९७ मध्ये त्याचे दुग्धालय निघाले.

जुने नाव मरता मरता भूविज्ञानात जिवंत राहिले. १८३६ मध्ये भूवैज्ञानिक जॉन फिलिप्सने चुनखडी, शेल (चिखलाचा थरदार खडक) आणि वालुकाश्म यांच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या थरांना ‘योरडेल’ असे नाव दिले. याच थरांमुळे खोऱ्याचे उतार पायऱ्यांसारखे दिसतात, आणि चुनखडीच्या कडांवरून उड्या घेत यूर नदी एझगार्थचे धबधबे तयार करते. त्या धबधब्याकाठची कापसाच्या सुताची जुनी गिरणीही ‘योर मिल’ म्हणूनच ओळखली जाते.

बेनब्रिजमध्ये दोन्ही नावे अजून एकत्र सापडतात. वनात वाट चुकलेल्याला दिशा कळावी म्हणून सप्टेंबरअखेरपासून वसंतापूर्वीच्या श्रोव्हटाइडपर्यंत (ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीचे दिवस) रोज रात्री शिंग फुंकण्याची तिथली जुनी प्रथा. ते वन वेन्झलीडेलचे. त्याच गावात यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानाचे कार्यालय आहे आणि त्या इमारतीचे नाव आहे ‘योरडेल’.