विश्वचषकाची पुण्यातील मैदाने

पुण्यात पुरुषांच्या एकदिवसीय विश्वचषकाचे सामने दोन मैदानांवर झाले. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर १९८७ आणि १९९६ मध्ये एकेक, तर मावळ तालुक्यातल्या गहुंजे गावच्या मैदानावर २०२३ मध्ये पाच. नेहरू स्टेडियम पुणे महापालिकेचे आहे, गहुंजेचे मैदान महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे. मालकीच्या या फरकामुळेच पुण्यातले मोठे क्रिकेट शहराबाहेर गेले.

पुण्याला क्रिकेट काही विश्वचषकाने शिकवले नाही. पूना क्लबच्या मैदानावर १९४८ साली भाऊसाहेब निंबाळकरांनी रणजी सामन्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या होत्या. पण क्लब-जिमखान्यांच्या मैदानांवर आंतरराष्ट्रीय सामन्याची गर्दी मावणारी नव्हती. ती सोय नेहरू स्टेडियममध्ये होती आणि तिथे १९८४ मध्ये इंग्लंडविरुद्ध भारताचा एकदिवसीय सामना झाला.

१९८७ चा विश्वचषक इंग्लंडबाहेर भरलेला पहिला. यजमान भारत आणि पाकिस्तान यांनी तो तब्बल २१ मैदानांवर वाटला, त्यांतली १४ भारतातली. सामने एकूण २७, म्हणजे बहुतेक मैदानांच्या वाट्याला एकच, असा तो हिशोब होता. पुण्याच्या वाट्याला इंग्लंड-श्रीलंका हा सामना आला आणि इंग्लंडने तो आठ गडी राखून सहज जिंकला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही.

२९ फेब्रुवारी १९९६ चा केनिया-वेस्ट इंडीज सामना मात्र विश्वचषकाच्या इतिहासात कायमचा जाऊन बसला. केनियाचा हा पहिलाच विश्वचषक आणि संघातले बहुतेक खेळाडू हौशी. त्यांचा डाव १६६ धावांत आटोपला तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता. पण रजब अलीच्या चेंडूवर ब्रायन लारा यष्टिरक्षक तारिक इक्बालच्या हाती झेल देऊन आठ धावांवर परतला आणि वेस्ट इंडीजचा डाव ९३ वर कोसळला. केनियाचा कर्णधार मॉरिस ओडुंबेने १५ धावांत तीन बळी घेतले. दोन वेळच्या जगज्जेत्यांना ७३ धावांनी हरवणाऱ्या या सामन्यात भारत खेळत नव्हता, तरी पुण्यातला सर्वांत गाजलेला विश्वचषक सामना हाच, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे सामन्यांच्या तिकिटवाटपावरून महापालिका आणि संघटना यांच्यात खटके उडू लागले. मैदान एकाचे आणि सामना दुसऱ्याचा, अशा व्यवस्थेत हे होणारच. २००५ च्या श्रीलंकेविरुद्धच्या लढतीनंतर नेहरू स्टेडियमवर पुरुषांचा आंतरराष्ट्रीय सामना झाला नाही. संघटनेने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजेला स्वतःची जागा उभारायला घेतली. ती तयार होण्याआधीच २०११ चा विश्वचषक येऊन गेला आणि महाराष्ट्रातले सामने मुंबईच्या वानखेडेवर व नागपूरजवळच्या जामठ्याला झाले. (राज्य एक असले तरी क्रिकेटच्या संघटना तीन आहेत: मुंबई, विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र. बाहेरच्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो.)

गहुंजेचे मैदान हॉपकिन्स या ब्रिटिश वास्तुरचनाकार संस्थेने आखले. एप्रिल २०१२ मध्ये शरद पवार यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मध्यंतरी त्याला सुब्रत रॉय सहारा यांचे नाव होते, ते पुढे निघाले. पुणेकर आधीपासून नुसते ‘गहुंजे’च म्हणतात. स्वतःची गाडी नसेल तर पीएमपीच्या जादा बस किंवा देहूरोडपर्यंत लोकल आणि पुढे रिक्षा. दिवस-रात्र सामना संपल्यावर घरी पोचणे ही वेगळीच स्पर्धा असते.

मैदानाला जास्त छळले ते पाण्याने. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर गेले, त्यांत पुण्याचेही होते. २०१८ मध्ये कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने गहुंजेला आले, तर पवना नदीचे पाणी मैदानासाठी वापरण्यावर न्यायालयाने बंदी घातली. २०२४ च्या न्यूझीलंड कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना आणि संघटनेला माफी मागावी लागली.

खेळपट्टीचा लौकिक असाच दुतोंडी. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची इथली पहिली कसोटी तीन दिवसांत आटोपली. भारत १०५ आणि १०७ वर सर्वबाद झाला, स्टीव्ह ओ’कीफने ७० धावांत १२ बळी घेतले आणि सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीवर ‘खराब’ असा शेरा मारला. पण त्याच वर्षी जानेवारीत एकदिवसीय सामन्यात इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना विराट कोहली आणि पुण्याचा केदार जाधव यांनी शतके ठोकली होती.

२०२३ च्या विश्वचषकात हीच फलंदाजीची बाजू दिसली. १९ ऑक्टोबरला कोहलीच्या नाबाद १०३ धावांनी भारताने बांगलादेशला सात गडी राखून हरवले. हार्दिक पंड्या मात्र गोलंदाजी करताना घोटा दुखावून बाहेर पडला आणि स्पर्धेलाच मुकला. अफगाणिस्तानने श्रीलंकेला नमवले. दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडविरुद्ध ३५७ धावा उभारून १९० धावांनी विजय मिळवला, तर इंग्लंडने नेदरलँड्सला १६० धावांनी हरवले. शेवटी बांगलादेशच्या ३०६ धावा ऑस्ट्रेलियाने मिचेल मार्शच्या नाबाद १७७ धावांच्या जोरावर दोनच गडी गमावून पार केल्या. विश्वचषकाची दहा मैदाने निवडताना जामठा वगळून गहुंजेला संधी मिळाली होती. २०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी भारतातली पाच मैदाने ठरली, तेव्हा महाराष्ट्रातून फक्त मुंबईचे नाव आले.