काकवीच्या रंगाची लघवी

दसऱ्याच्या सुमारास आमच्या शेजारचं आठ वर्षांचं पोर सकाळी उठलं ते डोळ्यांखाली सूज घेऊनच. आजी म्हणाली, "झोप झाली नसंल." दुपारी लघवी झाली ती पाणी घातलेल्या काकवीसारखी. मग उष्णता झाली म्हणून सब्जाचं पाणी. त्याच्या नडग्यांवर पुळ्यांचे वाळलेले डाग होते, ते कुणी बघितलेच नाहीत. पोराच्या किडनीला सूज आली होती, म्हणजे नेफ्रायटिस, आणि त्याचं मूळ त्या पुळ्यांत होतं.

आपल्या प्रत्येक किडनीत सुमारे 10 लाख बारीक चाळण्या असतात. दोन्ही किडन्यांतल्या मिळून त्या दिवसाला साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं बहुतेक परत रक्तात जातं, दीडेक लिटर लघवी होते. रक्तपेशी आणि प्रथिनं चाळणीच्या अलीकडेच थांबायला हवीत.

पुळ्यांमधले स्ट्रेप्टोकोकस जंतू किडनीत जातच नाहीत. त्यांच्याशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं जंतूंच्या प्रथिनांना चिकटतात आणि हे गठ्ठे चाळण्यांत अडकतात, गुऱ्हाळात रस गाळताना कापडावर चोथा साचावा तसे. चोथा निदान निमूट पडून राहतो. इथं शरीर त्या गठ्ठ्यांवर तुटून पडतं आणि त्यात चाळणीच पोळून निघते. मग रक्त झिरपतं, मीठ-पाणी अंगात साठतं, ब्लड प्रेशर चढतं. घसा दुखल्यानंतर हे एक-दोन आठवड्यांनी होतं, पुळ्यांनंतर तीनेक आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा. तोवर पुळ्या विसरलेल्या असतात. शिवाय लघवीला बहुधा आगही होत नाही, म्हणून घरचे गाफील राहतात.

किडनीची सूज इतर कारणांनीही येते. घसा धरल्यावर एक-दोन दिवसांतच लघवी लाल झाली, तर आयजीए नेफ्रोपॅथीची, म्हणजे आयजीए नावाची प्रतिद्रव्यं चाळण्यांत साचण्याच्या आजाराची, शंका घेतात. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, त्यातही किडनीला सूज येऊ शकते. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या! त्यांनी कधीकधी चाळण्यांपुढच्या नळ्यांभोवती दाह होतो. ही सवय आपल्याकडं घरोघरी आहे, तिची मला खरंच धास्ती वाटते.

1827 मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी सुजलेल्या रुग्णांच्या किडनीविकाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवली की त्यातलं प्रथिन अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठायचं. आता तेच काम कागदी पट्टी मिनिटभरात करते.

पोराचं प्रेशर वाढलेलं निघालं. औषधं सुरू झाली, मीठ तोडलं. रविवारी घरात तांबडा-पांढरा शिजला तेव्हा त्याच्या ताटात अळणी वरण-भात होता. दोन आठवड्यांत सूज उतरली. बहुतेक मुलं अशीच बरी होतात. पण डोळ्यांना न दिसणारं रक्त लघवीत काही महिने राहू शकतं, म्हणून त्याची आई अजून ठरल्या तारखेला बाटली घेऊन लॅबमध्ये जाते.