ड्युटी लावणारा हात

सुपरमार्केटमधल्या बिलिंग काउंटरचं काम बघायला सोपं. वस्तू उचलायची, बारकोड मशीनपुढे धरायचा, पैसे घ्यायचे, पुढचा. पण रांग किती लांबणार हे त्या मुलीच्या हातात नसतं. गर्दी उसळली म्हणून दुसरा काउंटर उघडायचा निर्णय तिचा नाही, आणि बाथरूमला जायचं तरी आधी कुणाला तरी गल्ल्यावर उभं करावं लागतं. वर, गिऱ्हाईक खेकसलं तरी चेहरा हसरा हवा.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलेला सिद्धांत अशा कामांवर चपखल बसतो. कामाचा रेटा मोठा आणि स्वतः काही ठरवायला वाव कमी, ही जोडगोळी सर्वांत जास्त ताण देते. नुसतं काम जास्त असेल तर माणूस त्यामानाने निभावून नेतो. १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी स्वीडनमधल्या कामगारांच्या अभ्यासातून त्यात तिसरा घटक घातला: कामाच्या जागी मिळणारा आधार. किराणा मालाच्या मोठ्या दुकानात या तिन्हींच्या किल्ल्या बऱ्याच अंशी एकाच माणसाच्या खिशात असतात. पाळ्या सुपरवायझर लावतो, जेवायला कधी सोडायचं तो ठरवतो, भांडखोर गिऱ्हाईक अंगावर आलं की मध्ये पडायचं की मागून बघत राहायचं, हेही त्याच्यावर.

मग सुपरवायझरचं वागणं शिकवून बदलता येईल का? लेस्ली हॅमर, एलेन कोसेक या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अमेरिकेतल्या १२ किराणा स्टोअर्समध्ये करून पाहिलं. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सहा स्टोअर्समधल्या ३९ सुपरवायझरांना प्रशिक्षण दिलं, उरलेली सहा तुलनेसाठी तशीच ठेवली. प्रशिक्षण अगदीच छोटं होतं: तासभर कॉम्प्युटरवर, तासभर समोरासमोर बसून. त्यानंतर मात्र रोजचा एक अभ्यास होता. आज कर्मचाऱ्याला आधार वाटेल असं आपण किती वेळा वागलो, याची नोंद सुपरवायझरने स्वतःच ठेवायची. मला या प्रयोगातला हाच भाग हुशारीचा वाटतो, कारण ऐकलेलं भाषण विसरायला आठवडा पुरतो.

आधार म्हणजे नेमकं काय, हेही त्यांनी मोघम ठेवलं नाही. घरची अडचण ऐकून घेणं. मूल आजारी असेल तर पाळी बदलून देणं. स्वतः वेळेवर घरी जाऊन, तसं केलेलं चालतं हे दाखवणं. आणि दुकानाचंही अडणार नाही, माणसाचंही नाही, अशी कामाची फेरमांडणी करणं.

नऊ महिन्यांच्या अंतराने २३९ कर्मचाऱ्यांना दोनदा प्रश्न विचारले. ज्यांच्या घरच्या ओढाताणीचा कामाला फटका बसत होता, त्यांचं समाधान वाढलं, नोकरी सोडायचा विचार मागे पडला आणि तब्येतीबद्दलची उत्तरंही सुधारली. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. पण ज्यांना घरचा असा त्रास फारसा नव्हता, त्यांच्या बाबतीत परिणाम चक्क उलटा निघाला. प्रशिक्षण झालेल्या स्टोअर्समध्ये त्यांची उत्तरं बिघडली आणि सुपरवायझरचा आधारही त्यांना कमी जाणवला.

असं का व्हावं? माझा अंदाज सरळ आहे. कुणाची तरी शनिवार संध्याकाळची पाळी बदलली, तर ती दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते, आणि मग ‘तुला काय, तुझ्यामागे घरचं काही नाही’ असं म्हणून ती नेमक्या याच माणसांच्या गळ्यात पडत असणार. माणसं तेवढीच ठेवून सुपरवायझरला फक्त प्रेमळ व्हायला सांगितलं, तर ताण कमी होण्याऐवजी जागा बदलतो. कंपन्यांच्या ‘लीडरशिप वर्कशॉप’मध्ये ही बाजू क्वचितच निघते. अर्थात एका प्रयोगावर सगळी मदार ठेवू नये. शिवाय प्रशिक्षण कोणत्या दुकानांत द्यायचं हे पूर्णपणे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं आणि माहिती लोकांच्या स्वतःच्या उत्तरांतून आलेली आहे.

आपल्याकडे हा विषय पुढे आला तो खुर्चीमुळे. केरळात दुकानांतल्या बायकांना दिवसभर उभं ठेवायचे; त्यांच्या लढ्यानंतर २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात दुरुस्ती झाली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. दुकानात कामगारांसाठी बसायची सोय हवी आणि काम करता करता संधी मिळेल तेव्हा त्यांना बसता यावं, असा त्या तरतुदींचा रोख आहे. ती संधी आत्ता आहे की नाही, हे फ्लोअरवर सुपरवायझरच ठरवतो.